छडी, पण न मारणारी

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडे. घाई करू नका, नीट वाचा.

नाव माझं छडी, पण मारत नाही कुणाला,
दिवसभर गप्प, रात्री हाका मारते घराला.
अंगात पांढरा झगा अन् पाय सदा पाण्यात,
खालून वर हसत जाते, ओळखा मला क्षणात!

ओळखलेत? अगदी बरोबर, गुलछडी! कुणी तिला निशिगंध म्हणते, हिंदीत आणि बंगालीत ती रजनीगंधा आहे. सणासुदीला, लग्नकार्यात, शिक्षक दिनाला, कुणाला दवाखान्यात भेटायला जाताना आपण ही छडी विकत आणतो. पिशवीतून काढतो, फुलदाणीत खोचतो आणि विसरतो. दोन दिवसांनी पाण्याला वास सुटला की नाक मुरडतो आणि फेकून देतो. हो की नाही?

पण हीच छडी नीट सांभाळली तर आठवडाभर, कधी कधी त्याहूनही जास्त, आपल्या घरी सुखाने राहते. आजच्या लेखात आपण हिची ओळख करून घेऊ आणि तिचा पाहुणचार कसा करायचा तेही शिकू.

मूळ गाव मेक्सिको

गुलछडी आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती मूळची इथलीच वाटते. पण मिरची, टोमॅटो, सीताफळ यांच्याप्रमाणे तीही परदेशी पाहुणी. तिचे माहेर मेक्सिको. तिथले अझ्टेक लोक तिला त्यांच्या भाषेत 'हाडाचे फूल' म्हणत. दचकलात ना? तिच्या पाकळ्यांचा जाडसर, गुळगुळीत, पांढराशुभ्र रंग पाहा, म्हणजे हे नाव का पडले असेल ते कळेल. सोळाव्या शतकात ती स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेली आणि पुढे युरोपमार्गे आपल्याकडे आली.

इंग्रजीत तिला 'ट्यूबरोज' म्हणतात. त्यामुळे पुष्कळांना वाटते, ही गुलाबाची बहीण असणार. मुळीच नाही! तो शब्द 'ट्यूबरोझा' या लॅटिन शब्दावरून आला आहे. त्याचा अर्थ गाठीचे मूळ असलेली. गुलाबाशी तिचे काही नाते नाही. मग नाते कुणाशी? शेताच्या बांधावर काटेरी पानांचे घायपात पाहिले असेल ना तुम्ही, ज्याच्या पानांपासून दोर वळतात? शास्त्रज्ञ आता गुलछडीला त्या घायपाताच्याच कुळात बसवतात. एवढी नाजूक छडी आणि एवढे रांगडे भाऊबंद! माणसांच्या घरातही असे असतेच की.

गुलछडी कांद्यासारख्या कंदापासून येते. आपल्याकडे शेतकरी साधारण एप्रिल-मे महिन्यात कंद लावतात. मग तीन-चार महिन्यांनी पानांच्या झुबक्यातून लांब दांडा वर येतो. एक कंद एकदाच फुलतो, पण तोवर त्याच्या अवतीभोवती छोटे छोटे बाळकंद तयार झालेले असतात. पुढची फुले ते देतात. म्हणून एकदा केलेली लागवड दोन-तीन वर्षे चालते.

गुलछडीचे दोन प्रकार तुम्ही बाजारात पाहिले असतील. सिंगल म्हणजे एकेरी पाकळ्यांची. तिला वास जास्त. तिची सुटी फुले हारात, वेणीत आणि अत्तरात जातात. दुसरी डबल, भरगच्च पाकळ्यांची. ती दांड्यासकट कापून जुड्या बांधून विकतात. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील संशोधन संस्थेने 'शृंगार', 'प्रज्वल' या एकेरी आणि 'सुवासिनी' ही डबल अशा जाती तयार केल्या आहेत. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले रजनी' ही जातही आहे. किती गोड नावे आहेत पाहा!

वर्गात उठलेला प्रश्न

आता आमच्या चौथीच्या वर्गातली गंमत सांगते. शिक्षक दिनाला मुलांनी मला गुलछडीच्या बऱ्याच छड्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला मी त्या टेबलावर ठेवल्या आणि विचारले, "ही छडी जिवंत आहे की मेलेली?"

वर्गात एकच गलका झाला. "मेलेली, बाई! तोडलीय ना!" "जिवंत आहे, वास येतोय!" "बाई, अर्धी मेलीय!"

मग मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "बाई, मेलेली असती तर रात्री कळ्या उमलल्या नसत्या. आमच्या घरी बादलीत ठेवलेल्या छड्यांच्या कळ्या सकाळी उमललेल्या असतात."

"तुमच्या घरी बादलीत छड्या असतात?" मी विचारले.

ती जरा घुटमळली. खाली बघत हळूच म्हणाली, "माझी आई देवळाबाहेर फुलं विकते."

मागून कुणीतरी फिस्सकन हसले. मी त्या हसण्याकडे लक्ष दिले नाही. तिला म्हटले, "अगं, मग या विषयातल्या खऱ्या बाई तुझी आईच! त्यांना म्हणावं, अर्धा तास आमच्या वर्गात येता येईल का?"

आणि खरोखरच त्या आल्या. शुक्रवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी असते त्या वेळेला. येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून एक जुडी घेऊन आल्या. आधी दारातच थबकल्या. "मी काय शिकवणार, बाई? मी सातवी शिकलेली." मी म्हटले, "ताई, आम्हाला पुस्तकातलं ठाऊक आहे. हातातलं तुम्ही दाखवा."

छडी घेताना खाली बघावं

त्यांनी पहिलेच वाक्य असे सांगितले की मी ते फळ्यावर लिहून ठेवले. "छडी घेताना समदे वर बघत्यात. फूल किती फुललंय ते. पर खरं खाली बघावं."

खाली म्हणजे दांड्याच्या टोकाला. टोक हिरवे, टणक आणि कोरडे असेल तर माल ताजा. टोक तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारे असेल तर ती छडी दोन-तीन दिवस घाण पाण्यात उभी आहे असे समजावे. वरून पाणी मारून ती कितीही टवटवीत दाखवली तरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट, सगळी फुललेली छडी घेऊ नये. देवाला किंवा समारंभाला त्याच दिवशी वापरायची असेल तर ठीक. पण घरात ठेवायची तर तळाची दोन-तीन फुले उमललेली आणि वरच्या कळ्या टपोऱ्या, पांढऱ्या झालेल्या अशी छडी निवडावी. नुसत्या हिरव्या, बारीक कळ्यांची छडी स्वस्त मिळाली तरी तिचा उपयोग नाही. त्या कळ्या बहुधा उमलत नाहीत, तशाच सुकून जातात.

हे ऐकून एका मुलाने विचारले, "पण मावशी, तुम्ही असं सगळं सांगितलंत तर लोक तुमच्या जुन्या छड्या घेणारच नाहीत!"

वर्ग हसला. त्याही हसल्या. म्हणाल्या, "बाळा, राहिलेल्या छड्या टाकाव्या लागतात ना, तेव्हा माझा त्या दिवसाचा रोज जातो. म्हणून तर मी त्या नीट ठेवते. रातच्याला टोकं छाटते, सोच्छ पाण्यात उभ्या करते. जुनी होऊच देत नाही."

वर्ग एकदम शांत झाला. फूल सांभाळणे हा आपल्यासाठी छंद आहे. पण कुणाच्या तरी घरी त्यावर संध्याकाळची भाकरी अवलंबून असते. एवढी एक गोष्ट मुलांना त्या दिवशी माझ्याशिवाय कळली.

तोडलेले फूल काय काय करते?

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. छडी जिवंत की मेलेली?

उत्तर आहे, जिवंत! तोडलेली छडी पाणी पिते. तोडलेली छडी श्वास घेते. तिच्या कळ्या मोठ्या होतात आणि एकामागून एक उमलतात. एवढेच काय, ती नवा सुगंधसुद्धा तयार करत राहते.

या शेवटच्या गोष्टीचा तर माणसाने मोठा फायदा करून घेतला. फ्रान्समध्ये ग्रास नावाचे गाव अत्तरांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे पूर्वी काचेच्या तावदानावर वास नसलेल्या चरबीचा थर पसरत आणि त्यावर निशिगंधाची, जाईची ताजी फुले मांडून ठेवत. तोडल्यानंतरही ही फुले वास सोडत राहतात. तो वास चरबीत मुरत जाई. मग जुनी फुले काढून नवी मांडायची. असे पुष्कळ वेळा केले की चरबी सुगंधाने भरून जाई आणि तिच्यातून अत्तर काढत. फूल तोडताक्षणी मेले असते तर हे जमले असते का?

आणि वास रात्रीच का जास्त येतो? ज्या फुलांना रात्री भेटायला पाहुणे येतात ती फुले बहुधा पांढरी आणि सुवासिक असतात. अंधारात लाल-निळा रंग दिसणार कुणाला? पांढरा रंग थोड्या उजेडातही उठून दिसतो आणि वास लांबूनही कळतो. रात्री उडणारे पतंग त्या वासाच्या मागावर येतात. रातराणी आणि पारिजातकही संध्याकाळ झाल्यावरच का दरवळतात, ते आता तुम्हीच सांगाल.

तर छडी जिवंत आहे. मात्र तिची मुळे गेली आहेत. म्हणजे पाणी ओढून देणारे गेले. कंद गेला, म्हणजे जेवणाचा डबा गेला. बहुतेक पाने गेली, म्हणजे स्वयंपाकघर गेले. आता ती बरोबर आणलेल्या थोड्याशा शिदोरीवर आणि तुम्ही दिलेल्या पाण्यावर जगते आहे. प्रवासाला निघालेल्या माणसासारखी! वाटेत तिचे तीन चोर टपलेले असतात.

तीन चोर

पहिला चोर, हवा. दांड्याच्या आत केसाहून बारीक नळ्या असतात. त्यांतून पाणी वर चढते. दांडा कापून कोरडा ठेवला की या नळ्यांच्या तोंडात हवेचे बुडबुडे शिरतात. रसवंतीत उसाचा रस पिताना नळीला मध्येच भोक असेल तर काय होते? तुम्ही कितीही ओढा, रसाऐवजी हवाच तोंडात येते. छडीचेही तसेच होते. पाण्यात उभी असूनही ती तहानलेली राहते. म्हणून घरी आणल्यावर टोक पुन्हा छाटायचे.

दुसरा चोर, जंतू. घाण पाण्यात, बुडालेल्या पानांवर, कापलेल्या टोकावर जंतू भराभर वाढतात. त्यांचा चिकट थर नळ्यांच्या तोंडावर बसतो आणि रस्ता बंद! पाणी बुळबुळीत लागले, वास आला, की समजा चोर घरात शिरला आहे.

तिसरा चोर, उष्णता. ऊन, गरम वारा, टीव्हीचा किंवा फ्रिजचा वरचा भाग, सतत फिरणारा पंखा. यांच्यामुळे पाकळ्यांतून पाणी झपाट्याने उडून जाते आणि छडी आपली शिदोरीही लवकर संपवते. या चोराला एक जोडीदार आहे बरं का! पिकलेली केळी, आंबे, चिकू यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो. फळे पिकवायला तो उपयोगी, पण पुष्कळशा फुलांना तो लवकर म्हातारे करतो. म्हणून फळांची परडी आणि फुलदाणी शेजारी शेजारी ठेवू नये. फळे ठेवलेल्या फ्रिजमध्ये फुले ठेवू नयेत, तीही याच कारणाने.

आमच्या पाच बाटल्या

नुसते सांगून चौथीतली मुले ऐकतात थोडीच! "बाई, करून बघू या." मग आम्ही एकाच जुडीतल्या सारख्या पाच छड्या घेतल्या, पाच सारख्या बाटल्या घेतल्या आणि खिडकीपासून दूर, सावलीतल्या कपाटावर ओळीने ठेवल्या.

पहिल्या बाटलीतली छडी आणली तशीच ठेवली. टोक छाटले नाही, पाणी बदलले नाही.

दुसरीचे टोक छाटले, पण पाणी बदलले नाही.

तिसरीचे टोक छाटले आणि रोज पाणी बदलले.

चौथीच्या पाण्यात नुसती साखर घातली. पाणी बदलले नाही.

पाचवीच्या पाण्यात थोडी साखर आणि लिंबाचा रस घातला आणि तेही रोज ताजे केले.

रोज प्रार्थनेनंतर दोन मुले उमललेली फुले मोजायची आणि तक्त्यावर आकडे लिहायची. सगळ्यांत आधी कोण हरले, सांगा पाहू? वर्गातल्या बहुतेकांनी पहिल्या बाटलीवर पैज लावली होती. पण पाण्याला सगळ्यांत आधी वास सुटला तो चौथ्या बाटलीत! "बाई, साखर खाऊन फूल लठ्ठ व्हायला पाहिजे होतं!" एकाने तक्रार केली. पण साखर फुलाआधी जंतूंनीच फस्त केली होती. उघड्यावर ठेवलेल्या सरबताचे होते तसेच.

पहिल्या छडीने लवकरच मान टाकली. दुसरी तिच्यापेक्षा जास्त टिकली. तिसरी आणि पाचवी आठवडा झाला तरी ताठ उभ्या होत्या. पाचवीत वरच्या कळ्या थोड्या जास्त उमलल्या. तिला साखरेचा खाऊ मिळाला होता आणि लिंबाच्या आंबटपणामुळे, रोजच्या स्वच्छतेमुळे जंतूंना तो पळवता आला नाही. पण खरे सांगू का? तिसरीत आणि पाचवीत फार मोठा फरक नव्हता. मोठा फरक होता तो पहिलीत आणि तिसरीत. म्हणजे साखर-लिंबू नसले तरी चालते. कात्री आणि रोजचे स्वच्छ पाणी हवेच.

पाहुणचार असा करावा

आता तुमच्यासाठी सगळी कृती क्रमाने देते. कापून वहीत चिकटवली तरी चालेल.

१. छडी घरी आणताना उन्हात उघडी धरू नका. ओल्या कागदात किंवा फडक्यात गुंडाळा.

२. फुलदाणी आतून घासून धुऊन घ्या. नुसती विसळून चालत नाही. तुम्ही जेवता ते ताट जितके स्वच्छ, तितकीच ही स्वच्छ हवी.

३. दांड्याचे टोक बोटाच्या एक-दोन पेरांएवढे तिरके छाटा. बादलीतल्या पाण्याखाली छाटता आले तर फारच उत्तम, म्हणजे हवेचा बुडबुडा शिरायला वावच नाही. तिरके अशासाठी, की दांडा तळाला चपटा टेकून नळ्यांची तोंडे बंद होऊ नयेत. सुरी किंवा कात्री धारदार हवी. बोथट असेल तर दांडा चेंगरतो. हे काम मोठ्या माणसांच्या देखत करा.

४. पाण्यात बुडतील अशी सगळी पाने आणि फुले काढून टाका.

५. फुलदाणीत साधारण निम्म्यापर्यंत साधे, गार पाणी भरा. बर्फाचे नको, गरमही नको.

६. हौस असेल तर एक लिटर पाण्यात एक लहान चमचा साखर आणि दोन लहान चमचे लिंबाचा रस घाला. मात्र मग पाणी रोज बदलायचेच. साखर घालून विसरायचे असेल तर साखर घालूच नका.

७. पाणी रोज बदला. दर दोन दिवसांनी टोक थोडेसे पुन्हा छाटा.

८. गुलछडी खालून वर फुलते. एका छडीवर पुष्कळ कळ्या असतात. म्हणूनच ती एवढे दिवस टिकते, कारण ती एक फूल नाही, फुलांची रांग आहे. तळाची फुले कोमेजली की ती हलक्या हाताने काढून टाका. पुढच्यांना जागा होते आणि छडी नीटनेटकी दिसते. अगदी शेंड्याच्या बारीक हिरव्या कळ्या खुडल्या तरी चालते.

९. जागा उजेडाची असावी, पण उन्हाची नसावी. पंख्याखाली नको, फळांजवळ नको.

आणि हो, छडी आजी-आजोबांच्या किंवा आजारी माणसाच्या खोलीत ठेवण्याआधी त्यांना विचारा. रात्री बंद खोलीत हा वास काहींना फार उग्र होतो आणि डोके दुखते. अशा वेळी दिवसा खोलीत आणि रात्री ओसरीत किंवा बाहेरच्या खोलीत तिची व्यवस्था करावी. पाहुणीही खूश, आजीही खूश!

छडी संपल्यावर

शेवटची दोन-चार फुले चांगली असतील आणि दांडा मात्र वाकला असेल तर ती फुले खुडून वाटीभर पाण्यात तरंगत ठेवा. आणखी एक-दोन दिवस देवघरात किंवा अभ्यासाच्या टेबलावर शोभतील. पूर्ण सुकली की कुंडीतल्या मातीत किंवा खतखड्ड्यात टाका. दांड्याचे बारीक तुकडे करून टाकले तर लवकर कुजतात. गणपतीच्या दिवसांत हारांचे ढीगच्या ढीग निघतात. ते प्लॅस्टिकच्या पिशवीसकट नदीत सोडू नका. दोरा, जर, प्लॅस्टिक काढून निर्माल्य वेगळे द्या किंवा त्याचे खत करा. जे मातीतून आले ते मातीतच गेलेले बरे.

ज्यांच्याकडे अंगण किंवा मोठी कुंडी आहे त्यांनी येत्या उन्हाळ्यात रोपवाटिकेतून दोन-चार कंद आणून लावून पाहा. पाणी साचणार नाही अशी भुसभुशीत माती आणि भरपूर ऊन एवढेच तिचे मागणे. पावसाळ्यात पानांतून दांडा वर येताना बघण्याची मजा विकतच्या छडीत नाही.

तुमच्यासाठी काम

या आठवड्यात एकच छडी आणा. जुडी नको, एकच. वहीत 'पाहुणीची दैनंदिनी' असे शीर्षक घालून चार रकाने आखा. तारीख, उमललेली फुले, गळलेली फुले, आणि चोवीस तासांत पाणी किती कमी झाले ते. पाणी मोजायला बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून पेन्सिलीने खूण करा. पाचवीच्या पुढच्या मुलांनी आलेख काढावा. कोणत्या दिवशी छडी सर्वांत जास्त पाणी प्याली? त्या दिवशी ऊन होते की ढग? गॅलरीत ठेवलेली छडी जास्त पाणी पिते की खोलीतली? आपली उत्तरे मला पत्राने कळवा. आकडे खरे लिहा. छडी दोन दिवसांत मान टाकून बसली तरी तसेच लिहा आणि तिला कोणत्या चोराने लुटले ते शोधून काढा.

आणखी एक छोटेसे काम. छडी ज्यांच्याकडून घ्याल त्या फुलवाल्या मावशींना किंवा काकांना एक प्रश्न विचारा, "रात्री उरलेली फुलं तुम्ही कशी ठेवता?" गिऱ्हाइकांची गर्दी नसताना विचारा हं! तुम्हाला माझ्या लेखात नसलेले काहीतरी नक्की ऐकायला मिळेल. तेही लिहून पाठवा. विचारणाऱ्या मुलाला सहसा कुणी हाकलून देत नाही.

आमच्या वर्गातल्या त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. विशेष काही नाही. पाच बाटल्यांची जबाबदारी वर्गाने एकमताने तिच्याकडे दिली. त्या दिवशी मागच्या बाकावरून जो हसला होता, तोच हल्ली तिला विचारत असतो, "ए, टोक आज छाटायचं की उद्या?"

आई-बाबांसाठी दोन शब्द

हा प्रयोग मुलांनाच करू द्यावा. सुरी तेवढी आपण धरावी. एखाद्या दिवशी पाणी बदलायचे राहिले तर लगेच रागावू नका आणि गुपचूप स्वतः बदलूही नका. दुसऱ्या दिवशी पाण्याला येणारा वास तुमच्यापेक्षा जास्त चांगले शिकवतो. घरात कुत्रे-मांजर पाळण्याचा हट्ट चालू असेल तर आधी आठ दिवस एक छडी सांभाळून दाखव म्हणावे. रोज आठवणीने कुणासाठी तरी काही करणे म्हणजे काय, ते एवढ्याशा कामातूनही कळते.

आणि वाढदिवसाला चकचकीत कागदातला मोठा गुच्छ देण्याऐवजी गुलछडीच्या दोन ताज्या छड्या आणि मुलाच्या हाताने लिहिलेली 'पाहुणचाराची कृती' देऊन पाहा. गुच्छ दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात जातो. या छड्या आठवडाभर त्या घरात तुमच्या मुलाची आठवण काढतील.

बरं तर, पुढच्या आठवड्यात भेटू या स्वयंपाकघरात. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी का येते, आणि ते यायचे टाळता येते का, ते बघू. तोपर्यंत दैनंदिनी भरत राहा. आणि हो, पाणी बदललेत का आज?

तुमची,
बाई